कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट आणि एक वजाबाकी



गटाच्या मासिक बैठकीत आपण वही उघडली की पैन् पैचा हिशेब लावतो. बचत किती जमली, कर्जाचं येणं किती, थकबाकी कुणाची, व्याज बरोबर लावलंय का, सगळं तपासतो. दहा रुपये जुळले नाहीत तर सचिव ताईला घरी जाऊ देत नाही. पण दवाखान्यातून रक्ताचा रिपोर्ट आला की? तो घडी घालून पत्र्याच्या पेटीत, नाहीतर रेशनकार्डाच्या पिशवीत. कुणी विचारलं तर आपलं उत्तर ठरलेलं: "डॉक्टर काही बोलले नाहीत, म्हणजे चांगलाच असेल."

आज त्या पिशवीतला कागद बाहेर काढायचा आहे. कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टात सहसा चार-पाच आकडे असतात. त्यातल्या दोन आकड्यांची एक साधी वजाबाकी केली, की न छापलेली एक महत्त्वाची गोष्ट कळते. ही वजाबाकी चौथीतल्या पोरालाही येते. तिचा उपयोग काय, ती कशाचा अंदाज देते आणि तिच्यावर किती भरवसा ठेवायचा, ते या लेखात बघू.

एका ताईंची गोष्ट

आपल्याच एका गटातल्या ताई. वय अठ्ठेचाळीस. नाव लिहीत नाही, पण त्यांनी ही गोष्ट सांगायला हरकत नाही म्हटलं. त्यांना चार वर्षांपासून साखर आहे. एका शिबिरात त्यांचं रक्त तपासलं. रिपोर्ट असा होता:

एकूण कोलेस्टेरॉल १९०
एचडीएल ३८
ट्रायग्लिसराइड २१०
एलडीएल ११०

एकूण कोलेस्टेरॉल दोनशेच्या आत होतं. एलडीएलसमोरही लाल खूण नव्हती. शेजारच्या शिकलेल्या पोराने वाचून सांगितलं, "काकू, कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे." ताई निर्धास्त झाल्या. रिपोर्ट पेटीत गेला.

सात महिन्यांनी कापूस वेचून घरी येताना त्यांना दम लागला. पाठीत आणि जबड्यात कळ येऊ लागली, मळमळलं. घरच्यांना वाटलं पित्त असेल. ओवा दिला, सोडा दिला. रात्री घाम फुटला तेव्हा १०८ ला फोन केला. वेळेवर पोचल्या म्हणून वाचल्या. उपचार सरकारी योजनेतून झाले, पण जाण्यायेण्याचा खर्च, मुलाची बुडालेली मजुरी, बाहेरची औषधं यासाठी गटातून कर्ज काढावं लागलं. त्याचे हप्ते अजून चालू आहेत.

तिथल्या डॉक्टरांनी जुना रिपोर्ट मागितला. तो पाहिला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला पेनाने लिहिलं: १९० वजा ३८ बरोबर १५२. मग म्हणाले, "साखर असलेल्या बाईचा हा आकडा शंभराच्या आत पाहिजे होता."

एकट्या या आकड्यामुळेच झटका आला असं कुणी म्हणत नाही. साखर होती, मिश्री होती, वयही होतं. पण धोक्याची एक खूण कागदावर सात महिने पडून होती, आणि ती वाचणारं कुणी नव्हतं, हे खरं.

रक्तात कोलेस्टेरॉल सुटं फिरत नाही

आता ही वजाबाकी काय सांगते ते समजून घेऊ. त्यासाठी आपल्या मसाला गटाकडे बघा.

समजा गटाने दहा किलो मसाला केला. तो सुटा विकता येत नाही, पाकिटात भरावा लागतो. प्रत्येक पाकिटावर एक लेबल. शंभर ग्रॅमची पाकिटं केली तर शंभर पाकिटं होतात, शंभर लेबलं लागतात. पन्नास ग्रॅमची केली तर दोनशे पाकिटं, दोनशे लेबलं. मसाला तेवढाच, दहा किलो. पाकिटं मात्र दुप्पट.

रक्ताचंही असंच आहे. रक्त पाण्यासारखं, कोलेस्टेरॉल तेलकट. पाण्यात तेल मिसळत नाही. म्हणून आपलं यकृत, म्हणजे लिव्हर, कोलेस्टेरॉल आणि दुसऱ्या चरबीची बारीक बारीक पाकिटं बांधून रक्तात सोडतं. प्रत्येक पाकिटाला प्रथिनाचं आवरण असतं. कोलेस्टेरॉल काही विष नव्हे. शरीरातल्या पेशी बांधायला, हार्मोन तयार करायला ते लागतंच. पण पाकिटं गरजेपेक्षा जास्त झाली की ती रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात शिरतात, तिथे अडकतात, आणि वर्षानुवर्षं थर साचत जातो. हृदयाच्या वाहिनीत असा थर फुटला आणि गाठ धरली, की हार्ट अटॅक. मेंदूच्या वाहिनीत रक्त अडलं, की पक्षाघात.

आता नीट लक्ष द्या. अस्तरात शिरतं ते अख्खं पाकीट. त्यामुळे आत एकूण मसाला किती किलो आहे यापेक्षा पाकिटं किती आहेत हे जास्त महत्त्वाचं. पाकिटं जास्त, तितकी अस्तरावर धडक जास्त.

लेबलाचं नाव अपो-बी

या धोक्याच्या पाकिटांवर एक खास प्रथिन असतं. त्याचं पूर्ण नाव अपोलायपोप्रोटीन बी. बोलताना डॉक्टर त्याला अपो-बी म्हणतात. एका पाकिटावर अपो-बीचा एकच रेणू असतो, एका पाकिटाला एक लेबल असतं तसा. एलडीएल असो की व्हीएलडीएल, पाकीट लहान असो की मोठं, लेबल एकच. म्हणून रक्तातलं अपो-बी मोजलं की धोक्याची पाकिटं किती, ते जवळजवळ थेट कळतं.

चांगल्या समजल्या जाणाऱ्या एचडीएलच्या पाकिटांवर हे लेबल नसतं. त्यांच्यावर अपो-ए-वन नावाचं दुसरं प्रथिन असतं. एचडीएलची पाकिटं जास्तीचं कोलेस्टेरॉल परत यकृताकडे नेण्याच्या कामात मदत करतात.

ही लेबलं किती महत्त्वाची, ते २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवलं. त्याचं नाव इंटरहार्ट. भारतीय वंशाचे डॉ. सलीम युसूफ यांच्या पुढाकाराने ५२ देशांत तो झाला. पहिल्यांदा हार्ट अटॅक आलेले सुमारे पंधरा हजार लोक आणि न आलेले जवळपास तितकेच लोक यांची त्यात तुलना केली. अपो-बीचं अपो-ए-वनशी असलेलं प्रमाण बिघडलेलं असणं, हे हृदयाच्या धोक्याच्या सर्वांत ठळक कारणांपैकी एक निघालं. दुसरं ठळक कारण होतं तंबाखू. त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट आपल्यासाठी फार महत्त्वाची: भारत आणि शेजारच्या देशांतल्या लोकांना पहिला झटका इतर देशांतल्या लोकांपेक्षा पाच-सहा वर्षं लवकर, त्रेपन्नच्या आसपास आलेला दिसला.

मग आपण सगळ्याजणी अपो-बीच का तपासून घेत नाही? कारण नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ती तपासणी नसते. ती वेगळी सांगावी लागते, मोठ्या लॅबमध्ये होते आणि पैसे जास्त लागतात. म्हणून हातात आहे त्या रिपोर्टावरून लेबलांचा अंदाज काढायचा. हीच आपली वजाबाकी.

वजाबाकी कशी करायची

रिपोर्टातले दोन आकडे शोधा. एक, एकूण कोलेस्टेरॉल. दोन, एचडीएल कोलेस्टेरॉल. मग:

एकूण कोलेस्टेरॉल − एचडीएल = नॉन-एचडीएल

काही लॅब हा नॉन-एचडीएलचा आकडा छापूनही देतात. नसेल छापला तर आपण काढायचा.

ही वजाबाकीच का? एकूण कोलेस्टेरॉल म्हणजे सगळ्या पाकिटांतला मिळून माल. त्यातून एचडीएलचा माल काढून टाकला, की जो उरतो तो सगळा अपो-बीचं लेबल असलेल्या पाकिटांतला. एलडीएल त्यात आलं, व्हीएलडीएल आलं, अर्धवट रिकामी झालेली पाकिटंही आली. म्हणून हा आकडा वाढला की लेबलंही बहुतेक वाढलेली असतात.

तुम्ही म्हणाल, मग एलडीएल आहे की रिपोर्टात, तेवढं बघितलं तर नाही चालत? एलडीएल महत्त्वाचंच आहे, डॉक्टर ते बघतातच. पण त्याच्या दोन गोष्टी माहीत असू द्या.

पहिली गोष्ट. बहुतेक रिपोर्टांत एलडीएल मोजलेलं नसतं, हिशेबाने काढलेलं असतं. अमेरिकेतल्या फ्रीडवाल्ड आणि त्यांच्या सोबत्यांनी १९७२ साली हे सूत्र मांडलं: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा आणि ट्रायग्लिसराइडला पाचाने भागून येईल तेही वजा करा. ताईंचाच आकडा घ्या. २१० भागिले ५, बेचाळीस. १९० वजा ३८ वजा ४२, बरोबर ११०. जुळलं ना? तुमच्याही रिपोर्टावर करून बघा. व्हीएलडीएल म्हणून जो आकडा छापलेला असतो, तो बहुतेक वेळा ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्साच असतो. ट्रायग्लिसराइड फार वाढलं की हे सूत्र चुकायला लागतं, आणि चारशेच्या वर गेलं तर ते वापरतच नाहीत. काही लॅब एलडीएल थेट मोजतात किंवा दुसरं सूत्र लावतात. तिथे आपला हिशेब थोडा इकडेतिकडे होईल, घाबरू नका.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. साखर असेल, पोटाचा घेर वाढलेला असेल, ट्रायग्लिसराइड जास्त असेल, तर एलडीएलची पाकिटं लहान लहान होतात. पन्नास ग्रॅमवाली! आतला माल कमी, पण पाकिटं जास्त. एलडीएलचा आकडा माल मोजतो, पाकिटं मोजत नाही. म्हणून तो बरा दिसतो आणि आपण फसतो.

दोन जावांचे रिपोर्ट

ताईंच्या रिपोर्टाशेजारी त्यांच्या थोरल्या जाऊबाईंचा रिपोर्ट ठेवून बघू. हा दुसरा रिपोर्ट मी समजावण्यासाठी रचला आहे.

थोरल्या जाऊबाई: एकूण १८०, एचडीएल ५०, ट्रायग्लिसराइड १००, एलडीएल ११०.

धाकट्या ताई: एकूण १९०, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड २१०, एलडीएल ११०.

एलडीएल दोघींचं सारखंच. नुसतं तेवढं बघितलं तर दोघी एकाच पायरीवर. आता वजाबाकी करा.

थोरल्या: १८० − ५० = १३०
धाकट्या: १९० − ३८ = १५२

बावीसचा फरक निघाला. म्हणजे धाकट्या ताईंच्या रक्तात लेबलं असलेल्या पाकिटांत जास्त माल फिरतोय. त्यात ट्रायग्लिसराइड चढलेलं, म्हणजे पाकिटं लहानही असणार.

ज्यांना अपो-बीचा आकडाच काढून बघायचा आहे, त्यांच्यासाठी एक सूत्र सांगते. २०११ साली बेल्जियममधल्या डॉक्टरांनी मधुमेह असलेल्या रुग्णांच्या तपासण्यांवरून ते मांडलं. नॉन-एचडीएलला ०.६५ ने गुणायचं आणि त्यात ६.३ मिळवायचे. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतं.

थोरल्या: १३० × ०.६५ = ८४.५, अधिक ६.३, म्हणजे सुमारे ९१
धाकट्या: १५२ × ०.६५ = ९८.८, अधिक ६.३, म्हणजे सुमारे १०५

युरोपातल्या हृदयतज्ज्ञांच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे अपो-बी मध्यम धोक्याच्या माणसात १०० च्या आत, जास्त धोक्याच्या माणसात ८० च्या आत आणि फार जास्त धोक्याच्या माणसात ६५ च्या आत हवं. ही सगळी मोजमापं शंभर मिलिलिटर रक्तात किती मिलिग्रॅम, अशी आहेत.

हा अंदाज आहे, मोजमाप नाही

दुधाच्या कॅनकडे बघून आपण म्हणतो, "आठ लिटर असेल." बहुतेक वेळा बरोबर निघतं, कधी साडेसात निघतं. पण बिल काढताना डेअरीत मापानेच मोजतात. तसंच हे. वेगवेगळ्या देशांत वेगवेगळी सूत्रं निघाली आहेत आणि त्यांची उत्तरं अगदी तंतोतंत सारखी येत नाहीत. खऱ्या तपासणीशी पाच-दहाचा फरक सहज पडू शकतो. ज्यांचं ट्रायग्लिसराइड जास्त किंवा साखर वाढलेली, त्यांच्यात पाकिटं लहान असल्यामुळे खरी लेबलं अंदाजापेक्षाही जास्त निघू शकतात. अशा वेळी डॉक्टर प्रत्यक्ष अपो-बीची तपासणी सांगू शकतात. तेव्हा तो खर्च वाया जात नाही.

आपल्या रोजच्या कामाला मात्र गुणाकाराची गरज नाही. वजाबाकीचा आकडाच पुरतो, कारण डॉक्टरांनीही त्या आकड्याला मर्यादा घालून दिल्या आहेत. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ साली भारतातल्या लोकांसाठी ज्या सूचना दिल्या, त्यात नॉन-एचडीएल इतकं हवं असं म्हटलंय:

धोका कमी असलेल्या बाई-माणसाला: १३० च्या आत
साखर किंवा बीपी असलेल्यांसारख्या जास्त धोक्याच्या लोकांना: १०० च्या आत
आधी हार्ट अटॅक येऊन गेला, अशा फार जास्त धोक्याच्या लोकांना: ८५ च्या आत

म्हणजे एकच आकडा एकीला चालतो आणि दुसरीला चालत नाही. शेजारणीचा १२५ आहे म्हणून माझाही १२५ चालेल, असं नाही. कर्जाचा हप्ता जसा ज्याच्या त्याच्या कर्जावर, तशी ही मर्यादा ज्याच्या त्याच्या धोक्यावर. आपण कोणत्या गटात बसतो हे डॉक्टर ठरवतील.

एचडीएलच्या लेबलाचं काय? अपो-ए-वनचा अंदाजही एचडीएलवरून काढतात, पण तिथे एका पाकिटावर एकच लेबल असा नियम नाही, दोन-चार असतात. त्यामुळे मोजणी तितकी स्वच्छ होत नाही. आपण एवढंच बघायचं, की बायकांचं एचडीएल ५० च्या खाली असेल तर ते कमी धरतात. आपल्याकडे हे फार दिसतं. २०१४ साली आयसीएमआरच्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष आले. त्यात महाराष्ट्रातलेही लोक होते. रक्तातल्या चरबीचा सर्वांत जास्त आढळलेला बिघाड हाच होता, शंभरातल्या बहात्तर जणांचं एचडीएल कमी. आणि एलडीएल जास्त असलेले शंभरात बाराच्या आसपास. म्हणजे नुसतं एलडीएल बघणाऱ्याच्या नजरेतून आपल्यातल्या किती जणी सुटत असतील, विचार करा.

या आकड्याचा आणखी एक फायदा

रक्त द्यायला उपाशी जायचं म्हणून कितीतरी जणी जातच नाहीत. पहाटे स्वयंपाक, गोठा, मग पहिली एसटी, तिथे रांग. अकरापर्यंत चहासुद्धा नाही, चक्कर येते. खाल्ल्यावर ट्रायग्लिसराइड वाढतं, पण एकूण कोलेस्टेरॉल आणि एचडीएल फारसं हलत नाही. त्यामुळे नॉन-एचडीएल जेवूनही चालतं. साखरेची उपाशीपोटीची तपासणी सोबत असेल किंवा ट्रायग्लिसराइड फार वाढलेलं असेल, तर मात्र डॉक्टर उपाशी यायला सांगतील, तेव्हा तसंच करा. आधी विचारून घ्यावं, म्हणजे हेलपाटा वाचतो.

दोन वेळा जरा जपून. गरोदरपणात कोलेस्टेरॉल आपोआप वाढतं, तेव्हाच्या आकड्यावरून घाबरायचं नाही. आणि थायरॉइड कमी असेल तरी कोलेस्टेरॉल वाढतं, म्हणून डॉक्टर कधी कधी थायरॉइडही तपासायला सांगतात. पाळी बंद झाल्यावर बहुतेकींचं एलडीएल वाढतं. चाळीशीतला चांगला रिपोर्ट पंचावन्नला उपयोगाचा नाही, परत तपासावं लागतं.

आणखी एक. काहींच्या घराण्यातच लायपोप्रोटीन-ए नावाची पाकिटं जास्त असतात. नेहमीच्या रिपोर्टावरून ती ओळखता येत नाहीत. वडील, भाऊ, बहीण यांच्यापैकी कुणाला कमी वयात झटका आला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. ती तपासणी सहसा आयुष्यात एकदा केली तरी पुरते.

आकडा जास्त निघाला तर

पहिलं म्हणजे घाबरून जाऊ नका आणि पेटीतही टाकू नका. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि सरळ विचारा:

माझं नॉन-एचडीएल इतकं आहे, माझ्यासाठी ते किती हवं?
माझा धोका कोणत्या गटातला?
औषध लागेल का? किती दिवसांनी परत तपासायचं?
मला अपो-बी तपासायची गरज आहे का?

गोळी सुरू झाली तर मनाने बंद करायची नाही. "रिपोर्ट नॉर्मल आला, गोळी सोडली" ही चूक फार जणी करतात. रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळे! गोळी सोडली की पाकिटं पुन्हा वाढतात. मूल हवं असेल, दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगा, कारण अशा वेळी या गोळ्या सहसा देत नाहीत.

घरात काय करायचं? मिश्री आणि तंबाखू सोडा. हे मी पहिलं लिहिते, कारण "मिश्री म्हणजे काय व्यसन का?" असं आपणच म्हणतो. ती भाजलेली तंबाखूच आहे. ट्रायग्लिसराइड जास्त असेल तर साखर, गूळ, मैदा, बिस्किटं कमी करा. दिवसातले पाच चहा दोनवर आणा. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी ताटभर खाल्ली तर तो उपवास नव्हे, साबुदाणा म्हणजे नुसता पिष्टाचा साठा. त्याऐवजी भगर थोडी, सोबत ताक, फळ. रोजच्या जेवणात भात कमी आणि डाळ, उसळ, पालेभाजी जास्त. ज्वारी-बाजरीची भाकरी चांगलीच, पण तीही भुकेपुरती. डालडा टाळा. तळणाचं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका.

"आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला कसला व्यायाम?" हा प्रश्न मलाही पडतो. निंदणी-खुरपणीच्या दिवसांत खरंच गरज नाही. पण जी ताई आता शिवणयंत्रावर बसते, दुकान सांभाळते, कार्यालयात वही लिहिते, तिने रोज अर्धा तास भरभर चालावं. सोबतीला दोघी-तिघी घ्या, म्हणजे खाडा होत नाही.

आणि छातीत दाब, दम लागणं, जबड्यात, पाठीत किंवा हातात कळ, घाम, मळमळ, असं अचानक झालं तर पित्त समजून ओव्यावर वेळ घालवू नका. १०८ ला फोन लावा. बायकांमध्ये झटक्याची लक्षणं अशी फसवी असू शकतात.

पुढच्या बैठकीचं काम

पुढच्या मासिक बैठकीला येताना प्रत्येकीने आपला शेवटचा रिपोर्ट सोबत आणा. आपला आणला तर घरातल्या माणसाचाही आणा, त्यांचीही वजाबाकी होऊन जाईल. आकडे मोठ्याने वाचायचे नाहीत. ज्याचा आजार त्याचा खासगी. प्रत्येकीने स्वतःच्या कागदावर मागच्या बाजूला वजाबाकी करायची. जिला जमत नाही तिला सीआरपी ताई मदत करतील. ज्यांचा आकडा १३० च्या वर, किंवा साखर-बीपी असून १०० च्या वर, त्यांनी त्या आठवड्यात दवाखान्यात जायचं ठरवायचं. एकटीला जायला संकोच वाटत असेल तर दोघीजणी मिळून जा.

ज्यांनी तपासणीच केलेली नाही, त्यांनी आशाताईंना विचारा, की आपल्या आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात लिपिड प्रोफाइलसाठी रक्त कधी घेतात. साखर आणि बीपीही त्याच फेरीत तपासून घ्या. महागडं पॅकेज घ्यायची घाई नको. साध्या लिपिड प्रोफाइलमधले दोन आकडे आपल्या सुरुवातीला पुरेसे आहेत.

आपल्या गटाच्या कर्ज रजिस्टरात 'कारण' म्हणून जो रकाना असतो, तो एकदा वरपासून खालपर्यंत वाचा. बी-बियाणं, शाळेची फी, लग्न, आणि मध्ये मध्ये 'दवाखाना'. त्यातला प्रत्येक दवाखाना टळत नाही. पण काही टळतात. त्या ताई आता गोळ्या नियमित घेतात, मिश्री सुटली आहे, आणि गेल्या महिन्यात त्यांनी नवा रिपोर्ट दाखवायला आणला. डॉक्टरांकडे नेण्याआधी मागच्या बाजूला वजाबाकी स्वतःच केली होती. एकशे बासष्ट वजा बेचाळीस, एकशे वीस. खाली लिहिलं होतं: "अजून उतरायचाय."